सुलीची जागा

भूतबित, करणीबिरणी... आपल्याला असलं काही सांगूच नये. महाडला माझा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. आवाज म्हणजे कॉम्प्युटरवरची रेघ, एवढंच मी मानतो. मानत होतो म्हणा!

पांडूदादा माझा मित्र, पोलादपूरच्या डोंगरवाडीतला शाहीर. भातलावणीला त्याची धाकटी बहीण सुली सासरहून यायची. चिखलात वाकून दादा गाण्यातून सवाल टाकायचा, सुली तिथल्या तिथे जवाब जुळवायची. शेवटच्या सवालाचा जवाब मात्र पुढच्या वर्षीच्या लावणीसाठी राखून ठेवायचा, ही दोघांची रीत. शेवटच्या वर्षी दादाने चेष्टेत सवाल टाकला, "दिवाळीला आलो नाय, रुसलीस का गो?" सुली हसली, सासरी गेली... आणि थंडीत तापाने गेलीच.

दादाचं गाणं बंद. "रुसूनच गेली रे ती," एवढंच धरून बसला. शेवटी मीच त्याला ओढत स्टुडिओत आणलं. तर पठ्ठ्या सवाल गायचा आणि जवाबाला गप्प! मी वैतागलो — "अरे, कुणी बाई बोलवू गायला!"

"नको. ती जागा सुलीची हाय."

म्हटलं, मर मेल्या. तसंच मोकळ्या जागांसकट नेटवर टाकलं. दादाने ते एकदाही ऐकलं नाही, कुठे वाजलं की उठून जायचा. पण लोकांनी असं उचललं... रिक्षा, लग्न, गणपती, जिथे तिथे तेच!

मग शिवथरला एका हळदीत दादाला आग्रहाने बोलावलं. ढोलकीला मी. दादाने पहिला सवाल टाकला, थांबला — आणि मांडवातल्या बायकांनी एका सुरात जवाब दिला. दादा पांढराफटक. "हे सुलीचे शब्द..." माझ्या कानात पुटपुटला. प्रत्येक सवालाला तेच. शेवटी कसंबसं त्याने विचारलं, "रुसलीस का गो?"

बायका हसत गायल्या, "रुसले असते, तर आले असते का रे?"

हा जवाब सुलीने कधी दिलाच नव्हता हो! दादा भर मांडवात पोरासारखा रडला.

मी एका मावशीला विचारलं, "हे शिकवलं कुणी?"

"शिकवायला कशाला पायजे? तुमच्या गाण्यातच हाय की. ती पोरगी म्हणते ना!"

घरी येऊन फाइल उघडली. जवाबाच्या जागी रेघ सपाट. हेडफोन लावून ऐकलं... काही नाही. बायकोच्या कानाला लावले, तर म्हणाली, "किती गोड गळा! कोण हो ही?"

दादा आता पुन्हा गातो, हसतो. मला अजून उलगडा झालेला नाही. सगळ्या तालुक्याला सुली ऐकू येते. रेकॉर्ड मी केलं, आणि मलाच तेवढी येत नाही.