निळ्या स्लाइडचा दोष बाटलीवर

“मॅडम, तुमचं मशीन बिघडलंय,” हाडांचे डॉक्टर फोनवर म्हणाले. “ईएसआर एकशे तीस? पेशंटला नुसती कंबरदुखी आहे.”

इरा, निहार, तुमची आजी नाशिकमध्ये लॅब चालवते हे तुम्हाला माहीत आहे. डॉक्टरांना न आवडलेल्या आकड्यांबद्दल ऐकून घेणं हा त्यातला मोठा भाग आहे, हे माहीत नसेल.

ईएसआर म्हणजे उभ्या नळीत तासाभरात लाल पेशी किती खाली बसतात त्याचं माप. या पेशंटच्या, म्हणजे वाघकाकांच्या, बसल्या नव्हत्या, कोसळल्या होत्या. काका ओझरच्या कारखान्यातून रिटायर झालेले फिटर. तीन महिने कंबरेला पट्टा आणि रोज दोन वेदनाशामक गोळ्या. हिमोग्लोबिन आठ, त्यावर उपाय म्हणून बीट. बीट बिचारं काय करणार.

फोन ठेवून मी टेक्निशियन भामरेला म्हटलं, “काकांच्या रक्ताची स्लाइड दाखव.”

“थांबा मॅडम, परत करतो. स्टेन खराब आलाय, सगळी निळी दिसतीये. रंगाची बाटली बदलतो.”

“बाकीच्यांच्या स्लाइड त्याच बाटलीतल्या ना?”

“हो. त्या चांगल्या आल्यात.”

“मग बाटली एकट्या काकांवर रुसली?”

मी ती निळी स्लाइडच मायक्रोस्कोपखाली घेतली. लाल पेशी सुट्या नव्हत्या, भाकऱ्यांच्या चवडीसारख्या एकावर एक होत्या. रक्तात एखादं प्रोटीन फार वाढलं की असं होतं. निळी झाकही त्याचीच. उरलेल्या रक्तावर आणखी तपासण्या केल्या. टोटल प्रोटीन भरपूर, त्यातलं नेहमीचं प्रोटीन, अल्ब्युमिन, कमी; कॅल्शियम जास्त, म्हणजे हाडं झिजत असावीत. क्रिएटिनिनही वाढलेलं, म्हणजे किडनी थकत चाललेली, आणि त्या गोळ्या तिला आणखी दमवत होत्या.

मी डॉक्टरांना फोन लावला. “मल्टिपल मायलोमा वाटतोय. हाडांच्या मगजातल्या प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर. गोळ्या आजच बंद करा.”

“युरिनमध्ये प्रोटीन निल आहे हो, मॅडम.”

“युरिनची पट्टी अल्ब्युमिन ओळखते. हे प्रोटीन तिच्या ओळखीतलं नाही.”

 “मग मशीन ठीक आहे म्हणायचं,” डॉक्टर म्हणाले.

इलेक्ट्रोफोरेसिस म्हणजे विजेच्या साहाय्याने प्रोटीनं वेगळी करणं. त्यात एकाच प्रोटीनचा ठळक पट्टा उमटला. बोन मॅरोच्या तपासणीने उरलीसुरली शंका मिटवली. उपचार सुरू झाले, डायालिसिस टळलं.

मी विजयी मुद्रेने जुनं रजिस्टर उघडलं. काकांचं रक्त महिन्यापूर्वीही आमच्याकडे आलं होतं. शेरा होता, “स्टेन खराब, स्लाइड रिपीट.” दुसरीही निळीच आली असणार, पण ती आम्ही तशीच चालवून घेतली. खाली सही माझी.

काका पुढच्या तपासणीला आले तेव्हा त्यांना हे सांगितलं. ते कंबरेचा पट्टा सावरत म्हणाले, “पाना बसला नाही तर आम्ही आधी नट बघायचो, मॅडम. पाना फेकला असता, तर साहेबानं मलाच फेकलं असतं.”

आता भामरे बाटली बदलण्याआधी मला हाक मारतो. मी सही करण्याआधी वाचते. या वयात एवढी प्रगती पुष्कळ आहे.