पाय मुरगळला, असं सांगायचं

शनिवारी सकाळी झोपायचं सोडून सिडनीत क्वेकर्स हिलच्या मैदानावर उभं राहायचं आणि लोकांच्या पोरांनी पाडलेली हर्डल्स उचलून सरळ करायची, हे माझ्या नशिबात आहे असं पुण्यात कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण इथे मुलं पळणार म्हटलं की आईबापांना ड्यूटी लागते. नवरा सॉसेजच्या शेगडीवर. जन्मात अंडं न खाल्लेला माणूस, तोंड फिरवून चिमट्याने उलटायचा. माझ्याकडे हर्डल्स. आमच्या लेकीने पाडलेलं मात्र मला क्वचितच उचलावं लागलं. ती वरून जायची ते कळायचंसुद्धा नाही.

मोठी झाली तशी ती राज्यात पळायला लागली, मग देशात. आणि तिथे अडकली. नेहमी चौथी. संघात घ्यायचे तिघींना, आणि आमची बया चौथी! पाचवी-सहावी आली असती तर सोडून तरी दिलं असतं. फिजिओचं शिक्षण, नोकरी, सकाळ-संध्याकाळ सराव, घरी येऊन बर्फाच्या पाण्यात पाय. सव्विसावं लागलं तेव्हा एकदा वरण-भात कालवता कालवता म्हणाली, "मम, मी इंडियासाठी पळू शकते ना? आय हॅव बोथ."

मी म्हटलं, "अगं, हो की!"

आता यात कुणाची चूक काढायची? आमच्यातले सगळेच एकमेकांना छातीठोकपणे सांगतात की ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारत सरकार देतं ते, आलं म्हणजे आपण दोन्हीकडचे. कार्ड आलं की पेढे वाटतात. आम्हीही वाटले होते. इथला पासपोर्ट घेताना तिथला परत करावा लागतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्याचा अर्थ कुणी मनावर घेत नाही. विमानतळावर व्हिसा मागत नाहीत ना, मग झालं!

लेक नोकरीतून बिनपगारी रजा काढून पुण्याला गेली, माझ्या बाबांकडे. बाबा एकटेच असतात. त्यांना काय आनंद झाला! रोज तिच्याबरोबर रिक्षाने मैदानावर जायचे, कट्ट्यावर थर्मास घेऊन बसायचे. घरी इंग्रजीतच उत्तर देणारी माझी मुलगी फोनवर "आजोबा, चहा झाला का" असं विचारताना मला ऐकू यायची. तिथल्या कोचने तिचा जन्म पुण्याचा आहे एवढं पाहिलं आणि निवड चाचणीला नाव घातलं. तिची वेळ बघून तो म्हणाला होता, ही डोळे मिटून संघात येईल. बाबांनी अख्ख्या सोसायटीला सांगितलं. चाचणीच्या दिवशी शेजारीपाजारी मिनीबस करून गेले, बरोबर इडल्यांचे डबे.

मी इथे फोन हातात घेऊन बसले होते. फोन आला तो लेकीचा. आवाज अगदी सपाट. धावायच्या आधी कागद तपासले, पासपोर्ट ऑस्ट्रेलियाचा निघाला. तिने कार्ड दाखवलं. तिथल्या बाईंनी ते उलटसुलट करून परत दिलं आणि म्हणाल्या, "बेटा, याने इथे राहता येतं, देशासाठी पळता येत नाही." तिकडून पळायचं तर तिथे जाऊन राहायचं, अर्ज करायचा, इथलं नागरिकत्व सोडायचं, यात वर्षं जातात. तोवर पाय थांबतात होय?

"आणि बाबा?" मी विचारलं.

"ही इज टेलिंग एव्हरीवन, वॉर्मअपमध्ये माझा पाय मुरगळला."

आयुष्यात कधी बसचं तिकीट चुकवलं नाही हो त्या माणसाने! पण आपल्या नातीला आपली नाही म्हणून परत पाठवलं, हे इडलीचे डबे घेऊन बसलेल्या लोकांना सांगणं त्यांना जमलं नाही. मलाही नसतं जमलं. मग पोरगी काय करणार? मैदानातून बाहेर आली ती लंगडतच.

सोसायटीत सगळे बघायला आले. कुणी हळदीचा लेप आणला, कुणी हाडवैद्याचा पत्ता. ती प्रत्येकासमोर पाय उशीवर ठेवून बसायची, आणि बाबा रोज संध्याकाळी तिचा तो धडधाकट घोटा तेलाने चोळायचे. खोलीत दुसरं कुणी नसलं तरीही. ती मला सांगत होती, "मी त्यांना एकदाही नको म्हटलं नाही."

परतीच्या विमानात सोसायटीतल्याच एक काकू होत्या, मुलाकडे मेलबर्नजवळ क्रेगीबर्नला निघालेल्या. सिडनीत उतरून पुढचं विमान. त्यांनी स्वतःसाठी व्हीलचेअर सांगितलीच होती, बाबांनी लेकीसाठीही सांगायला लावली. काकूंसमोर ती धडधडीत चालणार कशी?

त्यामुळे सिडनीच्या दारातून माझी लेक बाहेर आली ती व्हीलचेअरवर. मला सगळं माहीत होतं, तरी मी धावतच पुढे गेले. शेजारच्या खुर्चीत काकू. माझा हात धरून म्हणाल्या, "काळजी नको करूस गं. तरुण हाड आहे, भरून येईल." मी मान हलवली. मग त्यांचा खुर्चीवाला त्यांना पुढच्या विमानाकडे घेऊन गेला.

लेकीची खुर्ची ढकलणाऱ्या माणसाला मी नो वरीज म्हणून पाठवून दिलं आणि खुर्ची आडोशाला नेली. म्हटलं, "चल, ऊठ आता. गेल्या त्या."

ती उठेना. दोन्ही हात मांडीवर, मान खाली.

"ऊठ ना गं, बाळा."

"मम, थोडा वेळ बसू दे," ती म्हणाली. मराठीत. आणि मग इतकी रडली की मी खुर्चीसमोर खाली फरशीवरच बसले आणि तिचे पाय छातीशी धरले. येणारे-जाणारे वळून बघत होते. बघू देत मेले.

तेवढ्यात बाबांचा फोन. "पोचली का? पाय कसा आहे तिचा?"

त्यांच्या जवळपास कुणी नव्हतं. मागे घरातला पंखा तेवढा ऐकू येत होता.

"सुजलाय बाबा थोडा," मी म्हटलं.

"असू दे," बाबा म्हणाले. "पुढच्या वर्षी पळेल."