शेंगा फोडणारे ढगे सर

ढगे सर लग्नाला आले की जेवणाच्या रांगेजवळ खुर्ची टाकून बसत आणि गुलाबजामसाठी तिसऱ्यांदा कोण आलं ते बघत. एकदा मी दुसरा गुलाबजाम उचलला, तर म्हणाले, "घ्या बिनधास्त, बाई. मी फक्त नोंद करतो, निकाल देत नाही." मी तो परत ठेवला. त्याची हळहळ अजून आहे.

मुलांनो, हे सर शेवगावला आमच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे आणि मी इंग्रजी. गेल्या वर्षी ते गेले. तुम्ही त्यांना पाहिलं नाही हे एका परीने बरं. त्यांनी तुम्हाला पाहिलं असतं.

निरीक्षण हा त्यांचा विषय. "दिसलं ते लिहा, वाटलं ते गिळा," हे ते इतक्या वेळा म्हणत की कॉलेजचा शिपाईसुद्धा येताजाता तेच म्हणायचा. एकदा तिसगावच्या बाजारात वही उघडून बसले, तर भाजीवाल्यांना वाटलं वजनमापवाले साहेब आले. क्षणात सगळे तराजू सरळ झाले आणि एका मावशीने सरांच्या पिशवीत कोथिंबिरीची जुडी फुकट कोंबली. सर वैतागून परतले. "वही दिसली की माणूस सोंग घेतो, बाई." तेव्हापासून ते वहीऐवजी भुईमुगाच्या शेंगा नेऊ लागले. शेंगा फोडत बसलेल्या माणसाला कोणी भीत नाही. लिहायचं ते घरी आल्यावर.

सात-आठ वर्षांपूर्वी पाथर्डीकडच्या एका वस्तीवरच्या शाळेने त्यांना बोलावलं. मला सुट्टी होती, म्हणून मीही गेले. तारा नावाची आठ वर्षांची मुलगी. आईबाप दरवर्षी तिला घेऊन ऊसतोडीला जायचे. हेडमास्तरांचं मत पक्कं होतं. पोरगी मंद आहे, बोलत नाही, पाटीवर नुसत्या जिलब्या काढते. सरांनी तसं लिहून द्यावं, म्हणजे तिला नगरच्या विशेष मुलांच्या शाळेत ठेवता येईल. तिची आई दाराशी उभी होती. "सायब, लांब नका धाडू हिला. एकलीच न्हाई ऱ्हायची ती."

सर तीन दिवस वर्गात मागे बसून शेंगा फोडत होते. मी पाटी पाहिली आणि म्हणाले, "सर, जिलब्याच आहेत हो."

"मलाही तसंच वाटतंय. म्हणून तर गिळतोय."

घरी येऊन मात्र ते प्रत्येक जिलबी आठवून, जशीच्या तशी वहीत काढत. तिसऱ्या दिवशी त्यांच्या ध्यानात आलं की पुस्तकात घराचं चित्र आलं की तारा रोज तीच जिलबी काढते, आणि गाईला दुसरी. असलं वळण शेवगावच्या स्टँडजवळच्या उडपी हॉटेलाच्या पाटीवर पाहिल्याचं त्यांना आठवलं, म्हणून आम्ही ती वही तिथे नेली. मालक अण्णाने हातातली इडलीची ताटली खाली ठेवली.

"मने. म्हणजे घर. आणि हे आकळु, गाय. अक्षर वळणदार आहे हो. कुणाचं?"

कानडी! दुसऱ्या दिवशी शाळेत ताराच्या आईला विचारलं, तर ती सहज म्हणाली, "तिकडं कर्नाटकात कारखान्यापाशी साळंत बसायची की दोन वर्सं. हितं आली आन मधीच तिकडलं बोलली की पोरं फिदीफिदी हसायची. मग गपच बसाय लागली."

"अहो, मग सांगायचं नाही का?" हेडमास्तर कडाडले.

"तुमी इचारलं कवा?"

हेडमास्तरांनी हातातल्या, नगरच्या शाळेच्या फॉर्मकडे पाहिलं. "आता यात काय लिहू, सर?"

"लिहा, विद्यार्थिनीला दोन भाषा येतात. शिक्षकांना किती येतात, तो रकाना कोरा सोडा."

हेडमास्तरांनी फॉर्मची घडी करून खिशात घातली. तारा त्याच शाळेत राहिली.

सर मात्र निघायचं नाव घेईनात. ताराशेजारी सतरंजीवर मांडी घालून बसले, तिची पाटी ओढली आणि 'मने' गिरवू लागले. ताराने बराच वेळ सोसलं. मग त्या वर्गाने तिचा आवाज बऱ्याच महिन्यांनी ऐकला.

"आवो, आसं न्हाई! किती वाकडं काढताय! पुसा, पुसा ते!"

एम.ए., पीएच.डी. ढगे सरांनी शर्टाच्या बाहीने मुकाट पाटी पुसली.