घट्ट पाटल्या

ते प्रकरण मी अजून विसरलेले नाही. चीनच्या लढाईचे दिवस होते. मी सातारा जिल्ह्यात पोलीस शिपाई होते. शिक्षण चौथीपर्यंत, स्वभाव भिडस्त. बाईमाणूस फिर्यादी आली की तिच्याजवळ बसायचं, हे माझं मुख्य काम.

एका सकाळी कोरेगावजवळच्या खेड्यातली सत्तरीची म्हातारी ठाण्यात आली. तिचा मुलगा पलटणीत, सरहद्दीवर होता. सून रानात गेली असताना खाकी कोटातला एक माणूस घरी आला होता. जवानांसाठी सरकार सोनं गोळा करतंय, दिलं नाही तर मुलाच्या नावापुढं शेरा पडेल, असं म्हणाला. म्हातारीनं हातातल्या पाटल्या दिल्या. सरकारी माणसाला नाव विचारणं तिला उद्धटपणाचं वाटलं. उलट चहा करून दिला. मामलेदार कचेरीनं कोणालाच पाठवलं नव्हतं, हे दुसऱ्या दिवशी कळलं. सून बोलली, "आत्याबाई, देशाला दिल्या का चोराला?" ते तिला फार लागलं होतं.

फौजदारसाहेबांनी फिर्याद लिहून घेतली. चेहरा विचारला, तर म्हातारीला मोतीबिंदू. साहेब चिडले नाहीत. मला म्हणाले, यांना ओट्यावर बसवा, बोलू द्या.

ती फिरून फिरून एकच सांगत होती. "बाई, तीस वर्सं निघाल्या न्हाईत त्या. सोनारबी थकला. ह्यानं हात धरला आन् कवा काढल्या कळलंबी न्हाई."

मी खोदून विचारलं, तर त्यानं साबण लावला नव्हता. अंगठा आत दुमडून पंजा दाबला होता. माझ्या मनात आलं, हा हात बांगड्या भरणाऱ्याचा. साहेबांपुढं जाऊन हे सांगायला मला बराच वेळ लागला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि टोपी उचलली.

बाजारातल्या म्हाताऱ्या कासारानं सांगितलं की, हाताखालचा एक माणूस लबाडीमुळं काढून टाकला होता. तो सांगलीला असतो. आम्ही त्याला तिथून आणला. दोन तास तो कानांवर हात ठेवत राहिला. बांगड्यांचा धंदा आपण कधी केलाच नाही, म्हणाला. साहेबांनी हात उगारला नाही. मला म्हणाले, तुमच्या हातातली काचेची बांगडी काढा. मी ओढू लागले.

"आवं बाई, अंगठा आत घ्या. पिचल ती," तो म्हणाला, आणि मग मान खाली घातली.

पंचांसमक्ष झडतीत त्या पाटल्या मिळाल्या. आणखी तीन म्हाताऱ्यांचे दागिनेही होते; त्यांची गावं त्यानंच सांगितली. त्या मात्र पुढं येईनात. आमचं काही गेलंच नाही, म्हणत. मग आमची म्हातारी माझ्याबरोबर निघाली. एकीनं दार लावून घेतलं, तर ही उंबऱ्यावर बसली.

"अगं, मीबी फसले. सुनंचं बोलणं खाल्लं. पोराच्या काळजीनं दिलं आपण, त्यात कसली लाज? लाजायचं त्यानं."

थोड्या वेळानं आतून कडी निघाली.

कोर्टात चौघींनी साक्ष दिली. पुढं नोकरीत मी पुष्कळ शूर माणसं पाहिली, पण तिच्याइतकं मोठं काळीज क्वचितच. फसलेल्या माणसाला आधी शहाणपण सांगू नये, हे मी तिथं शिकले. त्याला घरात तेवढं ऐकावं लागलेलं असतंच. त्याच्याजवळ बसावं. त्या दिवशी कोर्टाबाहेर सून भाकरीचं गाठोडं सोडून बसली होती. सासूला म्हणाली, "चला आत्याबाई, दमला असाल." म्हातारीनं आधी मला बसायला जागा केली.