मागच्या दाराने येणाऱ्या जोसियानबाई

जोसियान वानूत या बाईंविषयी मला फार थोडं ठाऊक आहे, हे आधीच सांगून टाकतो. त्या फ्रान्सच्या उत्तरेकडच्या, रुबे गावच्या. तिथल्या निवृत्त माणसांचं डोंगरांत पायी भटकणारं एक मंडळ आहे, आणि दर सप्टेंबरला ही मंडळी आठवडाभर कुठे उतरणार, ते हॉटेल निवडायचं काम बाईंकडे होतं. मार्चमध्ये त्या एकट्या येऊन बघून जात, सप्टेंबरमध्ये सगळ्यांना घेऊन येत. वर्षातली तेवढीच आमची ओळख. त्यांचं लग्न झालं होतं का, मुलंबाळं होती का, पूर्वी त्या काय काम करत, हे मी कधी विचारलं नाही. विचारावंसं वाटलं नाही असं नाही, पण मला ते जमत नाही. गेल्या हिवाळ्यात त्या वारल्या. मंडळाच्या लोकांनी त्यांच्याविषयी चार ओळी लिहून मागितल्या, तेव्हा मी हो म्हणून बसलो. आता लिहायला घेतल्यावर कळतंय की मला सांगण्यासारखी गोष्ट एकाच मंगळवारची आहे.

आमचं व्हेर्न्योल हे गाव ओरिआक शहराच्या वरच्या अंगाला, चढावर आहे. माझं हॉटेल म्हणजे खाली जेवणाची खोली आणि एक छोटं मद्याचं काउंटर, वर थोड्या खोल्या, मागे स्वयंपाकघर. ते आमच्या आईचं. आईनंतर माझी थोरली बहीण दनीज स्वयंपाक करायची आणि मी बाकीचं सगळं, म्हणजे खाटा, सरपण, काउंटर आणि गप्प बसणं. पाहुण्यांशी बोलायचं काम दनीजचं होतं. ती बटाटे आणि ताजं चीज तव्यात घोटून असं काही करायची की ट्रकवाले वाट वाकडी करून यायचे.

मग एका हिवाळ्यात दनीज अंगणात बर्फावरून घसरली आणि तिचं कमरेचं हाड मोडलं. लेकीने तिला क्लेरमाँला नेलं ते कायमचंच. जाताना गाडीत बसल्या बसल्या तिने मला बजावलं, "हॉटेलच्या माणसांना हॉटेलचं जेवण दे. तुझं ते घरचं कालवाकालवीचं खाणं लोकांपुढे आणू नकोस. लाज जाईल."

घरचं खाणं म्हणजे सूप. मला तेवढंच येतं. कोबी, लीकची जाड कांदापात, बटाटा आणि खारवलेल्या डुकराच्या मांसाचा एक तुकडा सकाळपासून मंद आचेवर ठेवायचा, आणि जेवताना वाडग्यात शिळ्या काळ्या पावाचे काप ठेवून त्यावर ओतायचं. तळाशी थोडं सूप उरलं की त्यात लाल वाइन घालायची, वाडगा दोन्ही हातांनी उचलायचा आणि तोंडाला लावून संपवायचा. आमच्याकडे सगळेच हे करतात. पण दार लावून, आपल्या माणसांत. परक्यापुढे कोणी करत नाही. माझे वडील तर डॉक्टर आला तरी वाडगा खाली ठेवायचे.

तेव्हा मी दनीजचं ऐकलं. दर आठवड्याला येणाऱ्या घाऊक माल पुरवणाऱ्या गाडीतून डबे घ्यायला लागलो. सायीच्या रसातला सॅमन मासा, गरम करा आणि वाढा. वर हिरवं काही टाकायचं चित्र डब्यावरच असायचं, मी ते बघून टाकायचो. मला वाटायचं, शहरातली माणसं पैसे मोजून येतात, त्यांना हेच हवं असणार. ती खायची, आभार मानायची आणि परत यायची नाहीत. ट्रकवालेही सरळ पुढे जायला लागले.

त्या मार्चपर्यंत माझ्या मनाने घेतलं होतं की रुबेची मंडळी सप्टेंबरमध्ये आली तर हॉटेल चालवायचं, नाही तर कायमचं कुलूप लावून टाकायचं. हे मी फक्त लुसियांला सांगितलं होतं. लुसियां माझा शेजारी, त्याच्या गाई माझ्या मागच्या भिंतीला लागून असतात. त्याने विचार केला आणि म्हणाला, "लावलंस तर मी संध्याकाळी जाऊ कुठे? बायकोपाशी?"

तशात तळ्याच्या काठी नवं हॉटेल झालं होतं. तिथे पोहण्याचा हौद होता आणि प्रत्येक खोलीला गच्ची. बाई या खेपेला तेही बघणार होत्या. त्यांनी तसं फोनवर सरळ सांगितलं, काही आडपडदा न ठेवता.

बाई सोमवारी संध्याकाळी आल्या. हॉटेल बघायची त्यांची रीत ठरलेली होती. खोलीत शिरल्या की आधी खिडकीच्या लाकडी झडपा उघडून बघायच्या, मग खाटेच्या कडेवर बसून थोडा वेळ नुसत्या बसायच्या. न्हाणीघरात नळ सोडून भिंतीला कान लावायच्या. नंतर खाली येऊन जेवायला बसल्या आणि मी सॅमन वाढला. त्यांनी तो अर्ध्यावर आणला, पावाने रस पुसला आणि म्हणाल्या, "छान शिजलाय." शिजवला मी नव्हताच. पाव परत मागितला नाही, चीज मागितलं नाही. आमच्याकडे पाहुण्याने चीज नको म्हटलं की समजायचं, जेवण आवडलेलं नाही.

दनीज असती तर तिने काहीतरी बोलून वेळ निभावून नेली असती. मी ताटं उचलली.

मंगळवार आमचा सुट्टीचा दिवस. पुढचं दार बंद, काउंटर बंद. सकाळी बाईंनी बिल चुकतं केलं आणि तळ्याकडे निघून गेल्या. मी त्यांची बॅग गाडीत ठेवली. मनातल्या मनात मी कुलूप लावूनही टाकलं होतं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी लुसियां माझ्याकडे जेवतो. त्या दिवशीही तो आला होता. सूप संपत आलं तशी त्याने बाटली पुढे सरकवली. मी वाडग्यात वाइन ओतली, वाडगा उचलून तोंडाला लावला, आणि तेवढ्यात कुणीतरी मागचं दार उघडलं.

दारात बाई उभ्या होत्या. डोक्यावर, खांद्यांवर ओला बर्फ. तळ्याकडून घरी निघाल्या तर खिंडीत बर्फ पडायला लागला होता, पुढे गाडी जाईना, म्हणून त्या परत फिरल्या होत्या. पुढचं दार बंद दिसलं तेव्हा गोठ्याच्या बाजूने चिखल तुडवत मागे आल्या. माझ्या मिशांवरून वाइन हनुवटीवर उतरत होती. वाडगा खाली ठेवावा की चेहरा लपवायला तसाच धरून ठेवावा, हे मला सुचेना.

लुसियांने आपल्या शेजारची खुर्ची पायाने मागे सारली. "दार लावा, मादाम. गारठा आत येतोय."

मी उठलो, टॉवेलने तोंड पुसलं आणि म्हणालो की आज सुट्टी आहे, पण पाच मिनिटांत सॅमन गरम करून देतो.

"नको हो," त्या म्हणाल्या. "आत्ताच खाऊन आले. तळ्याकाठीही तोच मिळाला. डबासुद्धा तोच असणार, वरची हिरवी काडीही तशीच होती."

लुसियां इतका हसला की त्याला ठसका लागला. मला हसू आलं नाही. बाईंनी कोट काढून चुलीजवळच्या खुंटीला टांगला आणि भांड्यावर वाकून वास घेतला.

"हे काय आहे?"

"काही नाही," मी म्हणालो. "आमचं घरचं."

"मग मला का नाही दिलंत काल?"

मी वाडगा काढला, पाव ठेवला, सूप ओतलं. त्या जेवल्या. सॅमन खाऊन आलेली बाई इतकं जेवेल असं वाटलं नव्हतं. दोनदा घेतलं. मांसाचा तुकडा त्यांच्या वाट्याला गेला तेव्हा लुसियांने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याची गाय विकली. तळाशी थोडं उरलं तसं त्यांनी बाटलीकडे बोट दाखवलं. "आणि ते आत येताना पाहिलं ते?"

मी म्हणालो, ते राहू द्या, ते आमच्या म्हाताऱ्यांचं वेड आहे. पण लुसियांला शिष्य मिळाला होता, तो थांबेना. चमचा वाडग्यात पालथा ठेवायचा आणि त्याची पाठ बुडेल इतकी वाइन ओतायची. "जास्त ओतली तर दारुडा, कमी ओतली तर कंजूष," त्याने समजावलं. "आता वाडगा उचला. दोन्ही हातांनी, मादाम, तो चहाचा कप नाही." त्यांनी उचलला. नाक बुडलं. खाली ठेवला तेव्हा त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर लाल थेंब होता, आणि त्यांना तो कळला होता, तरी पुसला नाही.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "माझी माणसं दिवसभर चालतात. संध्याकाळी मोजे ओले, पाय दुखतात, एकमेकांशी पटत नाही. त्यांना हे करून घालाल?"

"मला एवढंच येतं," मी म्हणालो. "दुसरं काही येत नाही."

"मग एवढंच करा."

"रोज सूप?"

"रोज सूप. मग चीज. यांच्याकडे सॉसेज असेल तर ते." लुसियां म्हणाला, आहे की, सॉसेजला काय कमी. "आणि माझी माणसं या मागच्या दाराने येतील. पुढच्या दाराने आली की ती पाहुण्यांसारखी वागायला लागतात."

मी हो म्हणालो. त्या क्षणी मी कशालाही हो म्हणालो असतो. पण त्यांची एक अट राहिली होती.

"आणि तुम्ही आमच्याबरोबर जेवायला बसायचं."

मी म्हणालो की वाढायला कोणी हवं, आणि मला लोकांत बोलता येत नाही, दनीज बोलायची.

"बोला असं कुठे म्हटलं मी," बाई म्हणाल्या. "वाडगा आधी तुम्ही उचलायचा. घरच्याने उचलल्याशिवाय आमचे लोक उचलणार नाहीत, लाजतील. तेवढं जमेल ना?"

तेवढं जमलं. त्या सप्टेंबरमध्ये मंडळी आली, गोठ्याच्या बाजूने, ओल्या मोज्यांनी. पहिल्या रात्री मी टेबलाच्या टोकाला बसलो. सूप तळाशी आलं, सगळे थांबले, आणि पलीकडच्या टोकाला बसलेल्या बाईंनी मान हलवली. मी वाडगा उचलला. डोळे मिटूनच उचलला. उघडले तेव्हा सगळ्या टेबलावर नुसते वाडगे दिसत होते, चेहरा एकाचाही नाही. इतक्या माणसांत मला लाज वाटली नाही, अशी आयुष्यातली ती पहिली वेळ.

दनीजला हे फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "हॉटेलात? पाहुण्यांपुढे? आणि त्यांनी पैसे दिले?" पुढच्या वर्षी मात्र तिने कोबी कधी घालायचा ते मला पुन्हा पहिल्यापासून शिकवलं.

मंडळी दर वर्षी येत राहिली. त्यांचं ऐकून दुसरेही येऊ लागले, ट्रकवाले परतले. डब्यांची गाडी मी बंद केली. कुलूप खिळ्यावर लटकतं आहे, लावायची वेळ आलेली नाही. बाई मार्चमध्ये येतच राहिल्या, नेहमी मंगळवारी, मागच्या दाराने. खरं तर आता निवडण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी त्या झडपा उघडायच्या, खाटेच्या कडेवर बसायच्या, भिंतीला कान लावायच्या. मग आम्ही तिघं जेवायचो. सप्टेंबरमध्ये त्या स्वतःला नेहमी कोपऱ्यातली खोली घ्यायच्या, जिच्या खिडकीतून लुसियांचा गोठा आणि शेणाचा ढीग सोडून काही दिसत नाही. डोंगर दिसणाऱ्या खोल्या इतरांना. मी एकदा धीर करून म्हणालो की या वेळी तुम्ही समोरची घ्या. म्हणाल्या, "मला गाईंचा आवाज आवडतो."

त्या गेल्याचं कळवायला मंडळातल्या रोलांचा फोन आला. रोलां म्हणजे त्यांच्यातला सगळ्यात हळू चालणारा आणि सगळ्यात जास्त जेवणारा. त्याच्याकडून कळलं की बाई आयुष्यभर नगरपालिकेच्या पोहण्याच्या हौदावर तिकिटं फाडायच्या. तेव्हा मला तळ्याकाठचा हौद आठवला आणि बरं वाटलं, का ते नीट सांगता येत नाही. आणखी काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, इथे गाईंना त्यांची आठवण येईल, त्यांना गाई फार आवडायच्या.

"गाई?" रोलां म्हणाला. "गाईंना तर ती घाबरायची. कुरण ओलांडायचं झालं की माझा हात धरायची."

फोन ठेवल्यावर मी वर जाऊन कोपऱ्यातल्या खोलीच्या झडपा उघडल्या आणि खाटेच्या कडेवर थोडा वेळ बसलो. गोठ्यातून हंबरणं येत होतं, आणि वासही. त्या खोलीत आता मी कुणाला ठेवत नाही असं नाही. ठेवतो. पण सूप वाढताना तिथल्या माणसाला मांसाचा तुकडा जातो.

त्यांचे आभार मी कधी मानले नाहीत. गेल्या सप्टेंबरमध्ये निघायच्या सकाळी सगळे गाडीत बसले होते आणि मी भांडी धूत होतो. बाई मागच्या दाराने परत आत आल्या. मला वाटलं, आता म्हणावं. हात पुसायला टॉवेल शोधू लागलो.

"कालच्या सुपात मीठ कमी होतं," त्या म्हणाल्या.

"बघतो."

"आणि दार लावू नका, रोलांची टोपी राहिली आहे. तो येतोय."

"उघडंच आहे," मी म्हणालो.