अडकलेली कनेक्शनं आणि माझी मोठी जाऊ

जावाजावांचं पटत नाही, असं म्हणतात. आमचं पटायचं, पण त्याचं मुख्य कारण म्हणजे मी दिवसभर घरी नसायचे. मी इस्पितळातल्या रक्तपेढीत तंत्रज्ञ. माझी मोठी जाऊ, जिला मी ताई म्हणते, ती लग्नाआधीपासून प्रोग्रामर. सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा सासूबाईंना एकटीने झेपणार नव्हतं, घरात आणखी कुणीतरी थांबायला हवं होतं. दोघे भाऊ एकमेकांची तोंडं बघत बसले आणि ताईंनी राजीनामा दिला. घोट घोट पाणी पाजण्यापासून भिंत धरून चालवण्यापर्यंत सगळं त्यांनी केलं. सासरे काठी टेकत स्वतःच्या पायांनी फाटकापर्यंत जायला लागले, तेव्हा कुठे ताईंनी पुन्हा नोकरीसाठी अर्ज पाठवले.

"मधली वर्षं काय करत होतात?" मुलाखतीत विचारायचे.

"सासऱ्यांना उभं करत होते."

समोरचे हसून "कळवतो" म्हणायचे आणि कळवायचे नाहीत.

शेवटी नोकरी मिळाली ती माझ्याच कामाशी जोडलेली. शहरातल्या सगळ्या रक्तपेढ्यांची मिळून एक वेबसाइट होती. कोणत्या गटाच्या किती पिशव्या कुठे शिल्लक आहेत, हे त्यावर कुठल्याही इस्पितळातून बघता यायचं. ती सांभाळणाऱ्या कचेरीत ताई तात्पुरत्या नेमणुकीवर रुजू झाल्या.

ही वेबसाइट म्हणजे आमच्या जिवाला घोर. एरवी सुतासारखी सरळ चालायची, पण रक्ताची चणचण असली की नेमकी त्याच दिवशी अडकायची. पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहायचं. रुग्णाचा भाऊ काचेपलीकडे हात जोडून उभा, आणि मी फोन घेऊन एकेका पेढीला विचारत बसलेली. तक्रार केली की कचेरीचे प्रमुख सगळं बंद करून पुन्हा चालू करायचे. थोडा वेळ बरं चालायचं, मग ये रे माझ्या मागल्या. आम्ही रक्तपेढीवाले त्यांना 'बंद-चालू साहेब' म्हणायचो. माणूस वाईट नव्हता. टंचाईच्या दिवशी सगळे एकदम वेबसाइटवर तुटून पडतात म्हणून तिचा दम जातो, असं त्यांचं म्हणणं, आणि ते कुणालाही पटण्यासारखं होतं.

ताईंनाही पटलं होतं. जेवताना त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. माहिती सगळी डेटाबेसमध्ये. वेबसाइटला काहीही विचारायचं तर डेटाबेसशी कनेक्शन लागतं. दर वेळी नवं जोडण्यात वेळ जातो, म्हणून काही कनेक्शनं आधीच जोडून तयार ठेवतात. त्यातलं एक घ्यायचं, विचारायचं, परत ठेवायचं. "त्याला कनेक्शन पूल म्हणतात."

सासरे घास हातात धरून थांबले. त्यांची जीभ अजून जड होती. "पूल? कुठल्या... नदीवर?"

सासूबाईंना ठसका लागला. "अहो, सून कॉम्प्युटरवर काम करते, पाटबंधाऱ्यात नाही!"

पुलातली कनेक्शनं कमी पडत असतील, असं धरून ताईंनी त्यांची संख्या चौपट केली. पुढच्याच टंचाईला त्या तोंडघशी पडल्या. डेटाबेसला स्वतःची एक मर्यादा असते. तिच्यापलीकडे तो कुणालाच आत घेत नाही. त्या दिवशी वेबसाइट तर गेलीच, वर त्याच डेटाबेसवर चालणारी रक्तदात्यांची नोंदणीही ठप्प झाली. म्हणजे आगीतून फुफाट्यात. कचेरीत कुणीसं म्हणालं, "इतक्या वर्षांनी परत आल्यावर गंज चढणारच." साहेबांनी काही सुनावलं नाही, फक्त जुना आकडा परत टाकायला सांगितला. ताईंना तेच जास्त लागलं. घरी आल्या आणि दोन वेळच्या पोळ्या एकदम लाटून ठेवल्या.

पण बाई मुळात चिवट. सकाळी उठल्या ते वेगळाच विचार घेऊन. साहेबांनी पुन्हा बंद-चालू करायच्या आत त्यांना अडकलेली वेबसाइट एकदा उघड्या डोळ्यांनी बघायची होती. साहेबांनी तेवढी मोकळीक दिली. पुढच्या टंचाईला वेबसाइट गोठली तेव्हा ताईंनी डेटाबेसकडूनच माहिती काढली: कुणी कनेक्शन घेतलंय, आणि त्यावर शेवटचं काय विचारलंय? बहुतेक कनेक्शनं काहीच करत नव्हती. नुसती घेऊन ठेवलेली! आणि जवळजवळ सगळ्यांवरचा शेवटचा प्रश्न एकच होता: ओ निगेटिव्ह आहे का?

माझा फोन वाजला.

"अगं, ओ निगेटिव्ह शोधलंस आणि कुठेच मिळालं नाही, तर तू काय करतेस?"

"पुन्हा शोधते," मी म्हटलं. "पुन्हा, पुन्हा. दुसरं काय करणार, ताई?"

मग त्या म्हणाल्या, "सापडला चोर."

रक्त शोधायच्या पानाचा प्रोग्राम त्यांनी ओळ न् ओळ वाचला. रक्त मिळालं, तर तो यादी दाखवायचा आणि कनेक्शन परत ठेवायचा. मिळालं नाही, तर 'उपलब्ध नाही' एवढं लिहून वरच्या वर परतायचा. कनेक्शन परत ठेवायची ओळ त्याच्या वाटेत यायचीच नाही! म्हणजे आमचा प्रत्येक रिकामा शोध एक कनेक्शन गिळत होता. जितकी टंचाई जास्त, तितके आम्ही जास्त शोधायचो आणि तितकं लवकर सगळं गोठायचं. गर्दीचा त्यात दोष नव्हताच.

ताईंनी साहेबांना बोलावलं. चाचणीच्या मशीनवर, जिथे दुसरं कुणीच नव्हतं, तिथे त्या एकट्याच एक दुर्मिळ गट शोधत राहिल्या. थोड्याच वेळात वेबसाइट गोठली. साहेब खुर्ची ओढून बसले. "म्हणजे इतकी वर्षं मी नुसतं बंद-चालूच करत होतो?"

"त्यामुळे निदान चालत तरी होतं," ताई म्हणाल्या. "आता एकदाच मुळावर घाव घालू."

उत्तर मिळो, न मिळो, मध्येच काही बिघडो, कनेक्शन परत जाणारच, अशी त्यांनी प्रत्येक पानावर व्यवस्था केली. कुणी ते फार वेळ धरून बसलं तर कचेरीत इशारा वाजेल, हेही केलं.

आणि मग तो दिवस आला. भर दुपारी एका कारखान्याचं छप्पर कामगारांवर कोसळलं. जखमी सगळ्या इस्पितळांत विखुरले गेले आणि प्रत्येक रक्तपेढीतून एकाच वेळी शोध सुरू झाला. एवढी गर्दी त्या वेबसाइटने कधी पाहिलीच नव्हती. कचेरीत पडद्यावर वापरातल्या कनेक्शनांचा आकडा सरसर चढला आणि अगदी कडेला टेकला. साहेब उठून उभे राहिले.

"बंद-चालू करू?"

"हात लावायचा नाही," ताई म्हणाल्या. साहेबांना हे असं कुणी आजवर म्हटलं नव्हतं.

आकडा क्षणभर तिथेच थरथरला. मग खाली आला. पुन्हा चढला, पुन्हा उतरला. रांग लागत होती, पण हलत होती.

इकडे आमच्या इस्पितळात एक बाई कामगार ऑपरेशनच्या टेबलावर होती आणि सर्जन फोनवर माझ्याकडे ओ निगेटिव्हसाठी ओरडत होते. मी शोधलं: उपलब्ध नाही. पुन्हा: उपलब्ध नाही. चक्र फिरलं नाही, उत्तर लगेच येत होतं. तिसऱ्या खेपेला एका छोट्या पेढीने आताच नोंदवलेला साठा पडद्यावर उमटला. मी इतक्या जोरात "मिळालं!" म्हणून किंचाळले, की शिपाई निरोपाची वाट न बघता गाडीकडे धावला.

संध्याकाळपर्यंत वेबसाइट एकदाही अडली नाही. साहेबांनी स्वतः फोन करून प्रत्येक पेढीला विचारलं, "सगळं चालतंय ना?" आणि प्रत्येकाला न विचारता सांगितलं, "आमच्या बाईंचं काम आहे हे." ताईंना कायम करण्याची शिफारस त्यांनी त्याच आठवड्यात पाठवली, आणि खाली स्वतःच्या जागेसाठीही त्यांचंच नाव सुचवलं, कारण ते निवृत्तीला आले होते.

काही दिवसांनी ताई मला भेटायला इस्पितळात आल्या. मी त्यांना सरळ वॉर्डात घेऊन गेले. ती कामगार बाई उशीला टेकून बसली होती, बहिणीकडून वेणी घालून घेत होती आणि घट्ट ओढते म्हणून तिच्यावर खेकसत होती. ताई दारातच थबकल्या.

"आत चला ना."

"नको गं. मी कोण म्हणून सांगणार?"

"तुम्ही नका सांगू," मी म्हटलं, त्यांचा हात धरून त्यांना आत ओढलं, आणि पलीकडच्या खाटांनाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "ही माझी मोठी जाऊ!"