कावळा शिवेपर्यंत

गेनबातात्या मेलेल्या माणसाबद्दल खरं बोलायचे. गडाखालच्या आमच्या पासली गावाकडे एवढं सांगितलं तरी लोक त्यांना ओळखायचे. दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवले, की कावळा शिवेपर्यंतचा वेळ तात्यांचा. पुढारी मंडळी 'समाजाची फार मोठी हानी' वगैरे बोलून गाडीत बसली, की तात्या टोपी सारखी करून माईक घ्यायचे आणि गेलेल्याचं आयुष्य सांगायचे. कावळा शिवला की वाक्य अर्धं राहिलं तरी माईक खाली.

"गडावरच्या मान्सांचा इतिहास समद्यांनी लिवलाय," ते म्हणायचे. "गडाखाली ऱ्हानाऱ्यांचा कोन सांगनार? म्या हाय तवर म्या सांगतो." त्यांच्या या इतिहासात देऊळ बांधणारा आणि दारू गाळणारा एकाच पंगतीला बसायचे. प्रत्येकाचं एक चांगलं सांगायचं, एक वाईट. एका म्हातारीबद्दल म्हणाले, "लई मायेची बाई. पन साखरंचा डबा सुनंच्या हातात कदी दिला न्हाई." सून रडता रडता हसली. लोक कुरकुरायचे, पण घरात कुणी गेलं की तात्यांना निरोप धाडल्याशिवाय त्यांचंच चालायचं नाही.

माझे वडील गेले तेव्हा मात्र मला तात्यांची धास्ती वाटली. माझे वडील शेळ्या चोरायचे. कुणाची शेळी दिसेनाशी झाली की लोक आधी आमच्या दाराकडे बघायचे, आणि बहुतेक वेळा बरोबरच बघायचे. मी लग्न होऊन नसरापूरला गेले होते. तिथं मी सांगितलं होतं, की वडिलांचा जनावरांचा व्यापार आहे. सासरची सगळी माणसं दहाव्याला येणार होती. रिवाजाप्रमाणे तात्या आदल्या दिवशी घरी आले, तेव्हा मी हातच जोडले.

"तात्या, उद्या शेळ्यांचं बोलू नका. पाया पडते तुमच्या."

ते बशीतल्या चहावर फुंकर घालत म्हणाले, "सुमे, तुज्या बापाचं चांगलं काय, ठाव हाय का तुला?"

मला खरंच ठाऊक नव्हतं.

"मंग उद्या आईक. शेळ्या गाळल्या तर ते बी सांगता यायचं न्हाई."

मला असा राग आला त्या म्हाताऱ्याचा! माझा संसार मोडला तरी याला खरंच बोलायचंय.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी सुरुवातच केली, "रामा शेळ्या चोरायचा. माजी बी एक नेली." कुणीतरी फिसकन हसलं. मी पदर तोंडावर ओढला. शेजारी बसलेल्या सासूबाईंकडे बघायची हिंमत होईना.

"चोरून न्यायच्या म्हंजे आडवाटंनं न्यायच्या," तात्या पुढं बोलत होते. "रानातल्या समद्या वाटा त्येला पाठ. मागं रस्ता खचला, अन् तवाच माज्या मंगलला कळा सुटल्या. बाळ आडवं. धुकं असं, की सोताचा हात दिसंना. ज्याची शेळी चोरली, त्याच्याच दारात रामा आला. म्हनला, 'तात्या, डोली बांदा अन् माज्या मागं या.' त्या आडवाटंनं दवाखाना गाठला. पोरगी वाचली, नात वाचली. त्यो चोर नसता, तर ती वाट त्याला कुठनं ठाव असती?"

एवढ्यात कावळा शिवला. तात्यांनी माईक खाली ठेवला.

सासूबाई हळूच म्हणाल्या, "आदी सांगायचं व्हतंस गं. एकदा जेवाय बोलावलं असतं व्याह्यांना." तेव्हा मी रडले. दहा दिवसांत पहिल्यांदा बापासाठी रडले.

गेल्या महिन्यात तात्या गेले. त्यांच्या दहाव्याला पुढारी बोलून गेले आणि माईक तसाच पडून राहिला. आमच्याकडे घाटावर बाई बोलत नाही. पण डोलीतून वाचलेल्या त्या मंगलनंच तो उचलून माझ्या हातात दिला.

चांगलं सांगणं सोपं होतं. वाईट सांगणं अवघड, कारण ते वाईट समोरच बसलं होतं. शंकरनाना, तात्यांचे धाकटे भाऊ. एका बांधावरून दोघं भांडले ते शेवटपर्यंत बोलले नाहीत. "आपलं जे खरं ते सोडायचं नाही, असा तात्यांचा स्वभाव," मी म्हणाले. "त्या स्वभावानं मला माझा बाप दाखवला. आणि त्याच स्वभावापायी तात्यांचा सख्खा भाऊ..."

कावळा शिवला. मी थांबले, माईक खाली घेतला. माणसं धोतरं झटकत उठू लागली. शंकरनाना मात्र उठले नाहीत.

"बसा रं समदी खाली," ते ओरडले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "कावळ्याचं ऱ्हाऊ दे, पोरी. तू बोल. लई वर्सं झाली, माज्या भावाचं कुनी मला काय सांगितलंच न्हाई."